सगळ्या घराण्यांचा मूळपुरुष

"मंडळाची वेबसाईट करणं म्हणजे पोह्यांवर शेव टाकणं! टाकली की झालं!" मयुरेशने ऐन जेवणात जाहीर केलं.

"आणि सांडली तर?" अशोकरावांनी ताटातून मान वर न करता विचारलं.

अशोकराव म्हणजे मयुरेशचे वडील. देवासच्या एका कारखान्यात फोरमन. जे यंत्र हाताने उघडून, तेल घालून पुन्हा बंद करता येत नाही, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आणि त्यांचा मुलगा इंदूरहून नेमकी तीच विद्या शिकून आला होता! सन दोन हजार सहा. मयुरेशचा कॉम्प्युटर आईच्या शिलाई मशीनवर बसलेला, इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, आणि मयुरेश कामाला बसला की नातेवाइकांचे फोन तासन् तास लागायचे नाहीत. त्याला स्वतःचं ऑफिस हवं होतं. घराची बाहेरची खोली त्यासाठी अगदी सोन्यासारखी होती. रस्त्यावर दार, खिडकीला ऊन, पाटी लावायला जागा. फक्त त्या खोलीत एक भाडेकरू वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला होता. अशोकरावांची फिकट निळी स्कूटर!

"बाबा, स्कूटर अंगणात ठेवली तर बिघडेल का?"

"अंगणात? उन्हात?" अशोकरावांनी असा चेहरा केला, की जणू मयुरेशने आजीला अंगणात ठेवायला सांगितलं होतं. मग त्यांनी ताटाभोवतीचं पाणी पुसलं आणि निकाल दिला. "हे बघ. रविवारी धारला मंडळाची सभा आहे. सगळ्यांसमोर तुझी वेबसाईट उघडली आणि एकाही माणसाने तोंड वाकडं केलं नाही, तर खोली तुझी. कुणी तक्रार केली, तर सोमवारी सकाळी माझ्याबरोबर कारखान्याच्या गेटवर. साहेबांशी बोलून ठेवलंय मी."

"अहो, एकाही माणसाने? आपल्या मंडळात?" लतिकाबाईंच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. "मग त्याचा डबा आत्ताच भरून ठेवते!"

लतिकाबाईंचं काही चुकत नव्हतं. धार आणि देवास मिळून मराठी माणसांचं एक स्नेहमंडळ होतं, आणि त्यात स्नेह सोडून सगळं मुबलक होतं. देवास गाव एक, पण पूर्वी संस्थानं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. संस्थानं गेली, पात्या काही गेल्या नाहीत! मंडळाच्या हॉलमध्ये जुन्या घराण्यांच्या मूळपुरुषांचे फोटो लावायचं ठरलं, तेव्हा दत्ताजी म्हणाले, पहिला फोटो थोरल्या पातीच्या कारभाऱ्यांचा, म्हणजे आमच्या पणजोबांचा. कृष्णाजी म्हणाले, पहिला धाकट्या पातीच्या फडणिसांचा, म्हणजे आमच्या आजोबांचा. वाद असा रंगला, की भिंतीवर फोटो लागलेच नाहीत, नुसते खिळे राहिले. हिवाळ्यात मंडळी त्यांना मफलर अडकवायची.

या खिळ्यांवरच मयुरेशने आपली योजना टांगली होती. "इंटरनेटवर भिंतच नाही, मग पहिला खिळा कुठून येणार?" त्याने मंडळाचे अध्यक्ष बापू यांना पटवलं. बापू धारचे, निवृत्त हेडमास्तर. "प्रत्येक घराण्याला स्वतंत्र पान. आपापल्या मूळपुरुषाचा फोटो ज्याने त्याने टाकावा. आणि सगळ्या पानांच्या वर, मानाच्या जागी, गणपती! गणपतीशी कोण भांडणार?"

बापूंना इतकं पटलं, की त्यांनी स्वतः देवासला येऊन मंडळींचा वर्ग भरवला. मयुरेशने सगळ्यांना पडद्यावर दाखवलं. इथे फोटो निवडायचा, इथे या रिकाम्या चौकटीत फोटोचं नाव लिहायचं, आणि हे बटण दाबायचं.

"थांब!" बापू कडाडले. चाळीस वर्षं वर्गावर फिरलेला आवाज तो. "कोऱ्या जागेत आधी काय लिहितात?"

"फोटोचं नाव, बापू."

"आधी श्री! काय शिकवतात रे इंदूरला?"

मयुरेशने निमूटपणे चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'श्री' टाइप केलं आणि त्यापुढे नाव लिहिलं. समोर बसलेल्या समस्त काका-काकूंनी माना डोलावल्या. हे मात्र त्यांना व्यवस्थित समजलं होतं. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. पत्र असो, वाणसामानाची यादी असो, पहिल्या ओळीत श्री लिहायचं आणि मग खालच्या ओळीवर यायचं.

आता कॉम्प्युटरवर खालच्या ओळीवर यायला एंटर दाबतात, एवढं ज्ञान तोवर देवासच्या सायबर कॅफेंतून सर्वांना झालेलं होतं. पण मयुरेशच्या चौकटीला खालची ओळच नव्हती! एंटर दाबलं की बटण दाबल्यासारखं व्हायचं आणि फोटो रवाना! म्हणजे काका मंडळी भक्तिभावाने 'श्री' लिहायची, एंटर मारायची, आणि पुढचं नाव आठवेपर्यंत पणजोबा इंटरनेटवर पोचलेले असायचे. "अरे, गेलं पण! काय वेग आहे!" म्हणत मंडळी खूश.

मयुरेशने फोटो ठेवायला एकच फोल्डर केलं होतं. वेबसाईटचा स्वतःचा गणपतीही त्यातच, आणि मंडळींनी पाठवलेले फोटोही त्यातच. लतिकाबाईंनी शिलाई मशीनमधून बॉबिन काढता काढता ते पाहिलं होतं.

"काय रे, देवघरातलं आणि पाहुण्यांचं सामान एकाच कपाटात?"

"आई, आपलीच तर माणसं आहेत!"

त्या कपाटाचा नियम असा, की एका नावाचा डबा एकच. त्याच नावाचा दुसरा डबा आला, की पहिला गायब! आणि गणपतीच्या फोटोचं नाव मयुरेशने काय ठेवलं असेल? तोही आईच्याच संस्कारातला. श्री!

झालं! दत्ताजी अंकुरच्या सायबर कॅफेत गेले. गिऱ्हाईक उठलं की मशीनवरचं सगळं पुसून टाकायची अंकुरला शिस्तच होती, त्यामुळे तिथे नेहमी ताजं काय ते दिसायचं. फोटो पाठवायचं पान मयुरेशने साधं, कोरं ठेवलेलं, त्यावर गणपतीसुद्धा नव्हता. दत्ताजींनी श्री लिहिलं, एंटर दाबलं, आणि समोर वेबसाईट उघडली. बघतात तो काय! आपल्या पानावर पणजोबा आहेतच, पण वर, सगळ्या मंडळाच्या माथ्यावर, मानाच्या जागीसुद्धा पणजोबाच! पगडी, मिशा, कानात भिकबाळी!

दत्ताजी थेट मयुरेशच्या घरी आले. दार लोटून घेतलं. डोळ्यांत पाणी.

"बाळ, न्याय केलास! योग्य माणसाला योग्य जागी बसवलंस."

मयुरेशला वाटलं, काका गणपतीबद्दल बोलतायत. "काका, ती जागा त्यांचीच. तिथे दुसरं कोण बसणार?"

"हेच! हेच तर आम्ही इतकी वर्षं कंठशोष करून सांगतोय! पण कृष्णाजीला आत्ता बोलू नकोस हं. सभेत बघू दे त्याला, सगळ्यांसमोर!" आणि दत्ताजींनी पिशवीतून श्रीखंडाचा डबा काढून त्याच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कृष्णाजी अंकुरच्या कॅफेत गेले, आणि संध्याकाळी लाडवांचा डबा घेऊन मयुरेशकडे आले. तेही दार लोटून घेत म्हणाले, "शेवटी तुम्हा नव्या पिढीलाच खरं कळलं! त्यांना सर्वांत वर बघून ऊर भरून आला रे!"

"काका, सगळं त्यांच्याच कृपेने चाललंय."

"अगदी! त्यांच्याच कृपेने आम्ही आहोत! दत्ताजीला मात्र बोलू नकोस."

मग रीघच लागली. चिरोटे आले, चिवडा आला, कुणी तर पुरणपोळ्या पाठवल्या. प्रत्येक जण दार लोटून घ्यायचा, गहिवरायचा आणि दुसऱ्याला सांगू नकोस म्हणायचा. मंडळी इतकी भाविक आहेत, हे मयुरेशला ठाऊकच नव्हतं!

बरं, त्याने स्वतः वेबसाईट बघितली नाही का? बघितली की! पण त्याचा कॉम्प्युटर होता आळशी. एकदा आणलेलं चित्र पुन्हा आणायला जायचं त्याच्या जिवावर यायचं. 'श्री' नावाचं चित्र मागितलं, की तो आपला पहिल्या दिवशी आणलेला गणपतीच काढून पुढे करी. त्यामुळे मयुरेशला वरही गणपती दिसला, दत्ताजींच्या पानावरही गणपती, कृष्णाजींच्या पानावरही गणपती. जिकडे तिकडे गणपतीच! त्याने आनंदाने बापूंना फोन केला.

"बापू, एकही पगडी नाही! सगळ्यांनी आपापल्या पानावर गणपतीच टाकलाय! भांडण मिटलं!"

"दत्ताजीने? पणजोबा सोडून? कलियुग संपलं म्हणायचं!" बापू म्हणाले, आणि त्यांनी उत्साहाच्या भरात सभेला पडदा आणि प्रोजेक्टर भाड्याने सांगून टाकला.

मयुरेशने बाहेरच्या खोलीत जाऊन स्कूटरकडे विजयी नजरेने बघितलं आणि टेबल कुठे बसेल ते पावलांनी मोजून घेतलं.

रविवारी मंडळाची बस देवासहून धारला निघाली. दत्ताजी रेशमी उपरण्यात, कृष्णाजी जरीच्या टोपीत. दोघं एकमेकांकडे बघून इतकं गोड हसत होते, की त्यांच्या बायकांना काळजी वाटायला लागली. अशोकराव तेवढे धापा टाकत अगदी शेवटी चढले. "जरा काम होतं," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

धारचा हॉल गच्च भरला होता. धारची जुनी मंडळी, तिरल्याहून आलेली शेतीवाली मंडळी, देवासच्या कॉलनीतली कारखान्यातली कुटुंबं. एका टेबलावर बापूंनी कुणाकडून तरी आणलेला नवाकोरा कॉम्प्युटर. मंडळाची वेबसाईट त्याने जन्मात पाहिली नव्हती. म्हणजे आळस करायला त्याच्याकडे जुनं चित्रच नव्हतं!

"आता सर्वांनी पडद्याकडे बघावं!" बापूंनी घोषणा केली. मयुरेशने पत्ता टाइप केला. मंडळाचं नाव झळकलं. टाळ्या! आणि त्याखाली मानाच्या जागी चित्र उतरायला लागलं. त्या काळी चित्रं एकदम यायची नाहीत. वरून एकेक पट्टी सावकाश खाली सरकायची.

पहिल्या पट्टीत दिसली झेंडूची फुलं.

"हार!" दत्ताजी पुढे सरसावले. "आमच्या पणजोबांच्या फोटोला कायम हार असतो!"

"हार काय, आमच्याही आजोबांना असतो!" कृष्णाजींचं हसू जरा आखडलं.

दुसरी पट्टी. गोल, काहीतरी चकाकणारं.

"भिकबाळी!" दत्ताजी.

"छे! कपाळ! आमच्या आजोबांचं कपाळ असंच तेजस्वी होतं!" कृष्णाजी उभेच राहिले.

तिसऱ्या पट्टीत कुंकवाचा टिळा आला. दोघांनीही हात जोडले. चौथ्या पट्टीत हॅन्डलच्या दोन मुठी आल्या आणि दोघांचेही हात हळूहळू खाली आले. मग सावकाश मडगार्ड आलं. मग नंबरप्लेट. मग चाक, आणि चाकाखाली लिंबू!

धार-देवास मराठी मंडळाच्या माथ्यावर, साक्षात गणपतीच्या जागी, दसऱ्याची पूजा केलेली एक फिकट निळी स्कूटर उभी होती!

मयुरेशने घाईघाईने दत्ताजींच्या घराण्याचं पान उघडलं. स्कूटर! आणि तिच्याखाली त्यानेच घरोघर हिंडून टाइप केलेली माहिती: 'थोरल्या पातीचे कारभारी. आवाज असा, की चौकातून हाक दिली तर देवीच्या टेकडीवर ऐकू जाई.'

कुणीतरी खुसकन हसलं. मयुरेशने कृष्णाजींचं पान उघडलं. पुन्हा स्कूटर! 'धाकट्या पातीचे फडणीस. उतारवयातही कुणाच्या आधाराशिवाय ताठ उभे राहत.' अगदी खरं होतं. स्कूटर स्टँडवर होती.

तिसरं पान. स्कूटर! 'स्वभावाने तापट. सकाळी सुरू झाले की आवरणं कठीण.'

आता हॉल हसून हसून गडबडा लोळायच्या बेतात होता. मयुरेशला मात्र सोमवारच्या सकाळचा भोंगा ऐकू येत होता. डोक्यात लख्ख उजेड पडला. चौकट, श्री, एंटर, एकच कपाट! शेवटी जो आला तो सगळ्यांच्या जागी बसला. आणि शेवटी आली होती त्याच्याच घरची गाडी!

"शांतता!" बापू गरजले. "ही गाडी कोणाची?"

मागच्या रांगेतून अशोकराव उठले. कारखान्यात शेकडो माणसांवर ओरडणारा माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

"माझी. आज सकाळी मीच टाकली, अंकुरच्या दुकानातून. सगळे फोटो टाकत होते, मुलाचं काम होतं, म्हटलं आपलंही पान रिकामं नको. पण माझ्या वडिलांचा एकही फोटो नाही. कुणी काढलाच नाही. मी मिरजेहून इथे आलो तेव्हा बरोबर एक वळकटी होती. पहिल्या पगारापासून पैसे साठवत ही गाडी घेतली. हिच्यावरून लग्न होऊन लतिका या घरात आली, हिच्यावरूनच हा मयुरेश दवाखान्यातून घरी आला. फॉर्मवर लिहिलं होतं, घराण्याचा मूळपुरुष. माझं देवासमधलं घराणं हिच्यापासूनच सुरू होतं. चुकलं असेल तर माफ करा."

कुणी हसलं नाही. लतिकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मयुरेशने वडिलांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

कॉलनीतली एक बाई उभी राहिली. "अशोकभाऊ, रिक्षावाल्यांचा संप होता तेव्हा माझ्या अवंतीला याच गाडीवरून तुम्ही परीक्षेला पोचवलंत ना!"

"माझा गॅसचा सिलिंडर!" आणखी कुणी ओरडलं.

"आमच्या शशिकलाची सतार!"

मग सगळा हॉलच बोलायला लागला. देवासमध्ये त्या गाडीवर न बसलेला मराठी माणूस शोधावा लागला असता. शेवटी सगळ्यांच्या नजरा दत्ताजींकडे वळल्या. दत्ताजींनी उपरणं सावरलं, घसा साफ केला, इकडे तिकडे बघितलं.

"हिला... म्हणजे आमच्या मंडळींना... अपेंडिक्सचं दुखणं झालं, तेव्हा..." ते पुटपुटले. "मधे तिला बसवून मागे मी बसलो होतो."

"आमचा गणपती तर दर वर्षी हिच्यावरूनच येतो," कृष्णाजींनीही कबूल केलं. मग ते शेजाऱ्याच्या कानाला लागले. "पण काय हो, थोरल्या पातीचा फोटो वर नाही ना कुठे?"

"नाही."

"मग माझी काही तक्रार नाही!"

तिकडे दत्ताजीही आपल्या शेजाऱ्याला नेमकं तेच विचारत होते, आणि त्यांचीही तक्रार नव्हती.

बापूंनी टेबलावर थाप मारली. "पहिला मान कोणाचा, हा वाद आज मिटला! ज्याने आपल्या सगळ्यांना पाठीवर घेतलं, त्याचा! मंडळी, खिळे काढा भिंतीवरचे. एकच ठेवा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बापूंनी मयुरेशचा हात धरून त्याला उभं केलं. "आणि प्रत्येक घराण्याच्या पानावर हीच गाडी! काय कल्पना आहे! कसं सुचलं रे तुला?"

मयुरेश प्रामाणिक मुलगा. त्याने तोंड उघडलं. "बापू, खरं सांगायचं तर एकच फोल्डर..."

तेवढ्यात मागच्या रांगेतून पुढे आलेल्या अशोकरावांचा फोरमनी बूट त्याच्या पायावर पडला. "गप्प बस," ते ओठ न हलवता म्हणाले. "खोली पाहिजे ना?"

मयुरेश गप्प बसला. त्याला खांद्यावर घेऊन धारच्या मंडळींनी हॉलला प्रदक्षिणा घातली, आणि बसमध्ये परतीच्या वाटेवर दत्ताजी आणि कृष्णाजी एकाच बाकावर बसून एकाच पुडीतली शेव खात होते. हे दृश्य याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मयुरेशने कपाटं वेगळी केली. वेबसाईटचं सामान एकीकडे, मंडळींचं दुसरीकडे, आणि येणाऱ्या प्रत्येक फोटोला वेबसाईटच स्वतःहून नवा नंबर देणार, कुणी काहीही लिहो. सगळे पणजोबा पुन्हा आले, आपापल्या पानावर सुखरूप बसले. फोटोच्या वर एक कोरी ओळ मात्र त्याने मुद्दाम ठेवली. त्यात श्री लिहून एंटर मारलं की खालची ओळ येते. ती ओळ कुठेही साठत नाही, कुणाच्या उपयोगाची नाही. पण ती नसेल तर मंडळी फोटोच टाकत नाहीत.

आणि खोली? अशोकराव शब्दाचे पक्के. "खोली तुझी," त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. "टेबल आण, पाटी लाव. पण गाडी आता अंगणात ठेवता यायची नाही. अख्ख्या मंडळाचा मूळपुरुष आहे तो!"

तेव्हा मयुरेशचं टेबल बसलं भिंतीला चिकटून, आणि खोलीच्या मधोमध, खिडकीच्या उन्हात, हार घालून मूळपुरुष उभे राहिले. गिऱ्हाइकासाठी खुर्ची ठेवायला जागाच उरली नाही. आलंच कुणी, तर त्याला गाडीच्या सीटवर बसवायचं ठरलं.

पाटी लागली त्याच दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं! चांगला सफारी घातलेला गृहस्थ, खातेगावचा गव्हाचा व्यापारी. दारात उभं राहून त्याने सगळी खोली न्याहाळली. मयुरेश लगबगीने उठला, केस सारखे केले, गुडघा मडगार्डवर आपटला तरी हसतमुख राहिला.

"या, या! वेबसाईट करायचीय ना?"

"नहीं भिया," तो स्कूटरवरून मायेने हात फिरवत म्हणाला, "ये गाड़ी बेचोगे क्या?"

मयुरेशचा चेहरा पडला. तो काही बोलणार, इतक्यात आतून अशोकरावांचा आवाज कडाडला.

"त्यांना सांग, ऑफिसातलं सामान विकायला नाही!"

त्या खोलीला घरात कुणी ऑफिस म्हणायची ती पहिलीच वेळ. गिऱ्हाईक निघून गेलं, पण मयुरेश संध्याकाळपर्यंत गुडघा चोळत एकटाच हसत होता.